हात लावायचा नाही

चार वाजले तरी इवाओ डोंगरावरून उतरला नाही, तेव्हाच हात्सुए दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या कुणाचा नवरा अर्धा तास उशिरा आला तर बायको नुसती वैतागते. इवाओला दहा मिनिटं उशीर झाला म्हणजे काहीतरी विपरीतच घडलेलं असणार. सूर्य मावळेपर्यंत शिकार करायची मुभा कायद्यानंच दिलेली होती, पण हा बाबा साडेतीनच्या ठोक्याला बंदूक रिकामी करून मोकळा व्हायचा. उजेड तिरपा झाला की पाखराच्या मागे काय आहे ते नीट दिसत नाही, आणि मागचं दिसत नसेल तर चापाला बोट लावायचं नाही, हा त्याचा घरचा नियम. बेचाळीस वर्षं पाळलेला. पावणेचारला चहा, पाचला आंघोळ.

चहा गार झाला. हात्सुएनं रबरी बूट चढवले, फोन खिशात टाकला आणि बागेची वाट धरली.

बाग म्हणजे डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेले दगडी बांध, प्रत्येक बांधावर संत्र्याच्या दोन ओळी, आणि खाली समुद्र. जानेवारीचा तिसरा आठवडा. उशिराची संत्री अजून झाडावरच होती, आणि नेमके हेच दिवस बुलबुलांचे. उत्तरेकडून थवेच्या थवे यायचे आणि दोन दुपारांत अख्खी बाग टोचून ठेवायचे. बेटावर आता जेमतेम नव्वद माणसं उरली होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची, आणि बंदूक उरली होती एकच, इवाओची. छऱ्याची बंदूक. आवाज टाळी वाजवल्याएवढा, पण नेम धरणारा असा की छर्रा डोक्यातच. बाकीच्यांचे परवाने म्हातारपणानं गेले. एकाचा परवाना इवाओनंच घालवला, ते पुढे येईलच.

या बंदुकीला हात्सुएनं लग्नापासून आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं. परवाना ज्याचा, बंदूक त्याची. त्याच्याशिवाय कुणी ती उचलायची नाही, धरायची नाही, क्षणभर सांभाळायचीसुद्धा नाही. लोखंडी कपाटात बंदूक, दुसऱ्या पेटीत छर्रे, आणि किल्ली कुठे असते ते बायकोलाही ठाऊक असता कामा नये. दर तीन वर्षांनी शेजारच्या बेटावरचा हवालदार यायचा आणि इवाओला बाहेर पाठवून तिला विचारायचा, "नवऱ्याशी भांडण होतं का? दारू किती पितात? किल्ली कुठे ठेवतात?" ती म्हणायची, "भांडण रोज होतं, दारू सणाला पितात, किल्लीचं मला ठाऊक नाही." हवालदार खूश, इवाओ त्याहून खूश. खरं तर किल्ली सुतकाच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात असते हे तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण ठाऊक नसणं हा तिच्या संसाराचाच एक भाग होऊन बसला होता.

चौथ्या बांधावर तिला आधी त्याचे बूट दिसले.

इवाओ दगडी बांधाला टेकून बसला होता. बसला होता म्हणजे घसरत घसरत अडकला होता. उजवा हात मातीत पालथा पडलेला, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली, त्या कोपऱ्यातून लाळ. बंदूक मांडीवर तिरकी आणि डाव्या हातानं दस्ता गच्च धरलेला. बोट मात्र चापाच्या बाहेर, सरळ. अर्धं अंग गेलं होतं तरी बोटाची शिस्त गेली नव्हती.

"अहो," हात्सुए म्हणाली. "अहो, काय झालं हे?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. ओळख होती डोळ्यांत. तोंड उघडलं, पण शब्द जिभेवरून घसरला.

तिनं फोन लावला. नंबर तीन आकडी, तोही दोनदा चुकला. पलीकडचा माणूस शांत आवाजात एकेक विचारत गेला आणि ती सांगत गेली. बेट कुठलं, वय काय, तोंड वाकडं झालंय का, हात उचलता येतोय का. मग तो म्हणाला, "काकू, नीट ऐका. हेलिकॉप्टर तुमच्या बंद शाळेच्या मैदानात उतरेल. पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत पेशंट तिथं हवा. सूर्य मावळला की ते उडत नाही."

"आणि नाही पोचलो तर?"

"मग बोट. बोटीला दीड तास लागतो."

"दीड तास यांच्याकडे आहे का?"

"नाही असंच धरून चला, काकू. तुमच्या अग्निशमन पथकाला मी कळवतो."

चार वाजून बारा मिनिटं झाली होती. पथक म्हणजे एकटा तोकुजी, बहात्तर वर्षांचा. तो येईपर्यंत यांना संत्री उतरवायच्या सामानगाडीपर्यंत तरी सरकवावं म्हणून हात्सुएनं काखेत हात घातले. इवाओनं डाव्या कोपरानं तिला ढकललं.

"पा... खरू," तो म्हणाला.

"काय?"

"आधी... पाखरू."

त्याची नजर समोरच्या झाडाच्या बुंध्याशी होती. तिथं एक बुलबुल गोल गोल फिरत होता. एक पंख लोंबत होता, दुसरा फडफडत होता, आणि गवतावर रक्ताचे बारीक थेंब. हात्सुएला सगळं कळलं. पाखरू हललं असणार, छर्रा डोक्याऐवजी पंखात बसला असणार. दुसरा छर्रा यांनी त्याचाच जीव सोडवायला भरला, आणि तेवढ्यात यांचंच अंग गेलं.

"अहो, पाखराचं काय घेऊन बसलात? तुमचं तोंड वाकडं झालंय."

"आधी," तो म्हणाला.

हाही नियमच होता. रक्त काढलंस तर शेवटही तूच करायचा. घोटभर पाणी पिण्याआधी, पुढचं पाखरू बघण्याआधी. एकदा एक जखमी पाखरू समोरच्या करवंदीसारख्या काटेरी जाळीत शिरलं, तर हा माणूस अडीच तास जाळीत रांगत होता. घरी आला तो तोंडभर ओरखडे घेऊन. तेव्हा ती हसली होती. आता तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

पण वाद घालण्यापेक्षा पाखरू पकडणं लवकर होईल, हे तिला कळत होतं. तिनं अंगातला स्वेटर काढला आणि बुंध्याशी धावली. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा तिच्याच पायात आलं आणि ती गुडघ्यावर पडली. तिसऱ्यांदा स्वेटरखाली सापडलं. मासे तिनं आयुष्यात हजारो कापले होते, पण उबदार जीव कधी मारला नव्हता. हाताखाली त्याचं काळीज इतक्या वेगानं उडत होतं की तिचं स्वतःचं थांबतंय की काय असं वाटलं. इवाओ कसा मारतो ते तिनं अंगणात बघितलं होतं. छाती दोन बोटांत दाबून धरायची, सोडायची नाही. तिनं डोळे मिटले आणि दाबून धरलं. बराच वेळ लागला, किंवा तिला तसा वाटला.

पाखरू तिनं त्याच्या पायाशी ठेवलं. त्यानं पापणी मिटून हो म्हटलं. चार एकवीस.

"झालं ना समाधान? आता सोडा ती बंदूक आणि चला."

"भर... लेली."

तेवढ्यात खालून धापा टाकत तोकुजी आला. डोक्यावर पथकाचं पांढरं हेल्मेट, खांद्यावर दोर. "वहिनी, हेलिकॉप्टर निघालंय. माझी बायको खाली ट्रक चालू ठेवून बसलीय. याला सामानगाडीत टाकू, पाच मिनिटांत खाली," तो म्हणाला आणि मग त्याला बंदूक दिसली. तो चार पावलांवर थांबला. दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

आता इवाओनं घालवलेला तो परवाना याच तोकुजीचा. दोघं एकाच वर्गातले, एकाच वर्षी परवाना काढलेले, अर्धं आयुष्य एकत्र शिकार केलेली. अकरा वर्षांपूर्वी तोकुजीला एक बांध चढायचा होता, म्हणून त्यानं बंदूक क्षणभर जावयाच्या हातात दिली. रिकामी बंदूक, आणि फक्त धरायला. समोरच्या उतारावरून इवाओनं बघितलं. संध्याकाळी तो तोकुजीच्या घरी गेला आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या म्हणाला, "परवा मी चौकीत सांगणार आहे. उद्याच्या उद्या तू स्वतः जाऊन सांगितलंस तर बरं." तोकुजीला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. परवाना गेला, बंदूक गेली, आणि बोलणं गेलं ते गेलंच. दोघांच्या बायका तेवढ्या चोरून एकमेकींना लोणचं पाठवायच्या.

"भरलेली आहे?" तोकुजीनं विचारलं.

इवाओनं पापणी मिटली.

"सुरक्षेचा खटका लावलाय?"

"आठ... वत नाही."

"वहिनी, ओढायची नाही हं. नळी बघा कुठे वळलीय, त्याच्याच हनुवटीकडे. झटापट झाली तर सुटेल." तो एक पाऊल पुढे आला. "इवाओ, छर्रा काढायची खिट्टी उजव्या बाजूला आहे आणि तुझा उजवा हात गेलाय. तुला जमायचं नाही. इकडे दे, दोन सेकंदांत रिकामी करतो."

"नाही."

"अरे, मरशील."

"तुझ्या... कडे पर... वाना नाही."

तोकुजीनं हात्सुएकडे बघितलं. "बघा वहिनी. अकरा वर्षांनी माझ्याशी बोलला, तर हे बोलला."

"मग मी करते," हात्सुए म्हणाली. "सांगा काय दाबायचं. तुमच्या देखतच करते."

इवाओनं बंदूक आणखी छातीशी ओढली. नळी हनुवटीला टेकली. तोकुजीच्या तोंडचं पाणी पळालं. "मागं व्हा, वहिनी. मागं व्हा आधी."

ती मागे झाली. आणि मग तिचा तोल सुटला. "कसला माणूस आहात हो तुम्ही? कोण बघतंय इथं? कोण येणार आहे तक्रार करायला? सगळे नियम गेले खड्ड्यात. मला तुम्ही जिवंत हवे आहात, कळतंय का? मी एकटी काय करू या डोंगरावर?" ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. घोगऱ्या आवाजात भाजीवाल्याशी भांडावं तशी भांडत होती. इवाओ ऐकत होता. चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. पण हात सुटला नाही.

समुद्रावरून घरघर ऐकू आली. पांढरं-लाल हेलिकॉप्टर टेकाडाला वळसा घालून आलं आणि शाळेच्या मैदानात उतरलं. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. मैदान, त्यातली धूळ, निळ्या कपड्यातली दोन माणसं खाली उतरून ट्रकच्या वाटेकडे बघणारी. चार बेचाळीस. तोकुजीच्या बायकोचा फोन आला, "डॉक्टर विचारतायत, कुठपर्यंत आलात?"

"तसाच घेऊन जाऊ या का, बंदुकीसकट?" हात्सुएनं विचारलं.

"उतारावर गाडीचा एक हिसका बसला की काम तमाम. आणि भरलेल्या बंदुकीजवळ ते डॉक्टर येतील का?"

इवाओलाही ते पटत नव्हतंच. भरलेली बंदूक घेऊन एक पाऊल चालायचं नाही, हा तर सगळ्यात पहिला नियम. त्यानं स्वतःच रिकामी करायची धडपड सुरू केली. डावा हात वरून फिरवून उजवीकडच्या खिट्टीपर्यंत न्यायचा, की दस्ता मांडीवरून घसरायचा, की तो परत दस्ता धरायचा. एकदा बोटं खिट्टीला लागलीसुद्धा. पण ओढायला जोर कुठून आणणार? चौथ्या खेपेला मान बाजूला पडली. तोकुजी पाठीमागे हात बांधून बघत होता आणि त्याच्या स्वतःच्या बोटांना चैन नव्हतं, तिथल्या तिथे ती खिट्टी ओढत होती.

चार सेहेचाळीस झाले.

"हा बंदूक रिकामी झाल्याशिवाय हलवू देत नाही, आणि बेवारस टाकूनही येणार नाही," तोकुजी म्हणाला. "वहिनी, एकच उपाय. आहे तशी इथं ठेवू दे त्याला. मी राखणीला बसतो, हवालदाराला बोलावतो, तुम्ही याच्याबरोबर जा." मग इवाओपुढे उकिडवा बसला. "ऐकलंस का रे? हात लावणार नाही. नुसता बसेन."

इवाओनं त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मान हलवली.

"तो... नाही."

तोकुजीचा चेहरा असा झाला की हात्सुएला बघवेना. तो उठला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

मग हात्सुए खाली बसली. गवतावर, बंदुकीपासून दोन हातांवर, मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बाजारातून येताना वाटेत दमली की बसायची तशी.

"मी थांबते," ती म्हणाली. "हवालदार येईपर्यंत इथून हलणार नाही. तुम्ही जा."

त्याची नजर तिच्यावर आली.

"हात..."

"नाही लावणार."

"कुणी... ला..."

"कुणाला लावू देणार नाही. शब्द देते. चाळीस वर्षं लावला नाही, आता कशाला लावीन? ठेवा ती खाली."

एकेक बोट सुटत गेलं. त्यानं स्वतःच, डाव्या हातानं, बंदूक मांडीवरून गवतावर सरकवली, नळी बांधाच्या मातीकडे करून. तेवढं नीट करायला त्याला पूर्ण एक मिनिट लागलं आणि तिनं ते मिनिट दात आवळून जाऊ दिलं.

मग मात्र तोकुजीनं वेळ घालवला नाही. दोघांनी मिळून त्याला फरफटत सामानगाडीपर्यंत नेलं. संत्र्यांचे क्रेट उतरवायची ही एका रुळावरची गाडी बांधाच्या कडेनंच जायची, दहा पावलांवर. गाडीवर इवाओच्याच अक्षरात पाटी होती, माणसांनी बसू नये. पाठ त्या पाटीवरच टेकली. तोकुजीनं दोरानं त्याला बांधलं आणि इंजिन चालू केलं.

हात्सुएला काहीतरी बोलायचं होतं. सुचलं ते एवढंच. "गार वाटेल, मफलर नीट घ्या." तिनं स्वतःच तो त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेलेली होती, बंदुकीकडे. "अहो, आहे तिथंच आहे," ती म्हणाली. "मी चाललेच बघा तिथं." गाडी फटफट करत झाडांमधून उतरली, आणि ती परत आपल्या जागेवर येऊन बसली.

मैदानात ट्रक शिरला तो पाचला दोन मिनिटं कमी असताना. निळी माणसं धावली. एवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते. एक माणूस सारखा डोंगराकडे हात करत होता, बहुतेक तोकुजी. पाच वाजून चार मिनिटांनी हेलिकॉप्टर उठलं. तिच्या डोक्यावरून गेलं तेव्हा संत्र्याची पानं उलटीपालटी झाली आणि समोर गवतावर पडलेली बंदूक जराशी थरथरल्यासारखी वाटली. तिनं वर बघायच्या ऐवजी बंदुकीकडेच बघितलं. पोचले, ती मनात म्हणाली. वेळेत पोचले. हात सोडला आणि पोचले. आता डॉक्टर बघतील.

स्वेटर पाखराच्या रक्तानं माखलेला होता, तरी तिनं घातला. सूर्य समोरच्या बेटाच्या आड गेला. थंडी गवतातून वर येत होती. पाय आखडला की ती तो जागच्या जागी लांब करायची, पण तो बंदुकीकडे जाणार नाही एवढं बघून. मध्येच तिला वाटलं, एखादं रानडुक्कर आलं आणि त्यानं यावर पाय दिला तर? मग ती हळूच हाड् हाड् करत राहिली.

साडेपाचच्या सुमाराला तोकुजी परत चढून आला. हातात तिचा जाड कोट होता. तो त्यानं लांबूनच तिच्याकडे टाकला आणि दोन हात अंतर ठेवून दगडावर टेकला.

"हवालदार निघालाय. साडेसहापर्यंत येईल."

"यांचं काय?"

"नेलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. घाईत होते."

"बंदुकीचं काही म्हणाले का? कुणी बसलंय का, वगैरे?"

तोकुजी हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिला.

"भावजी, काय म्हणाले हे?"

"बंदुकीचं काही नाही म्हणाला." त्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "तुम्हाला शोधत होता, वहिनी. खाली गाडीतून उतरवला तिथपासून. हात्सुए कुठंय, हात्सुएला बोलवा. डॉक्टर म्हणाले, एका माणसाची जागा आहे, बायको असेल तर चला, पण लगेच. मी म्हटलं, अरे ती वर बंदुकीपाशी बसलीय, तूच बसवलीस. तर माझ्याकडे असा बघायला लागला, कसली बंदूक म्हणून. त्याला आठवतच नव्हतं. दार लावेपर्यंत तुमचंच नाव घेत होता."

हात्सुएला ते कळायला वेळ लागला. मग कळलं. सबंध जन्मात या माणसानं तिला कधी चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. जागा होती. शेजारी बसता आलं असतं. हात धरता आला असता, तो डावा, चांगला हात. आणि ती इथं गवतावर बसून एका लोखंडी वस्तूला राखत होती, जिची त्यांना आठवणसुद्धा नव्हती.

"वहिनी, पुतण्यानं बोट काढलीय," तोकुजी म्हणाला. "हवालदाराची वाट बघू नका. उठा. मी बसतो इथं. हे बघा, हात खिशात घातले. तो येईपर्यंत बाहेर काढणार नाही. इवाओला काय सांगायचं ते मी सांगेन, तो शुद्धीवर आल्यावर माझ्यावर परत तक्रार करू दे."

हात्सुए उठली. दिलेला शब्द मोडायचा हे तिनं ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर तिला जरा हलकंही वाटलं. "महिनाभर रागावतील," ती म्हणाली, "पण रागावू देत." तिनं कोटात हात घातला, आणि खिशात फोन वाजला.

ती उभी राहून ऐकत होती. "हो," म्हणाली. "हो. बायकोच बोलतेय." मग ती कमरेतून वाकली, फोन कानाशी धरून, पलीकडचा माणूस समोरच उभा असल्यासारखी, आणि म्हणाली, "तुम्हाला फार त्रास झाला. आभारी आहे." आणखी एकदा वाकली. फोन बंद केला.

"समुद्रावर असतानाच," ती म्हणाली. "उतरायच्या आधीच."

तोकुजीनं खिशातले हात बाहेर काढले नाहीत. त्याची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. हात्सुए उभीच होती. थोड्या वेळानं तो कसाबसा म्हणाला, "बोट तरी... चला, मी पोचवतो तुम्हाला."

"आता कसली घाई?" ती म्हणाली आणि परत आपल्या जागेवर बसली.

बसल्या बसल्या तिच्या अंगात असा संताप चढला की तिनं मूठभर माती उचलली आणि त्या बंदुकीवर फेकायला हात वर नेला. हात वरच राहिला. माती लागली असती तर तोही हात लावल्यासारखाच झाला असता. तिनं मूठ सोडली आणि माती आपल्याच मांडीवर पडू दिली. तोकुजी जरा पुढे सरकून बसला, तर ती म्हणाली, "भावजी, तिकडेच बसा. तुम्हालाही परवानगी नाही." तो निमूट मागे सरकला.

हवालदार ओगाता आला तेव्हा अंधार पडला होता. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, मागच्याच साली बदलून आलेला. बोटीतच त्याला बातमी कळली होती. त्यानं टोपी काढली, दोघांपुढे वाकला, आणि काही न विचारता बॅटरी दगडावर ठेवून बंदूक उचलली. खिट्टी ओढली. छर्रा त्याच्या तळहातावर पडला, मुगाच्या दाण्याएवढा. बंदूक त्यानं पिशवीत घातली, पिशवीची साखळी लावली, कागदावर वेळ लिहिली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मग तो हात्सुएसमोर गुडघे टेकून बसला. तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

"काकू, तुम्ही चारपासून इथंच आहात?"

"हो."

"खरं सांगू का?" तो घुटमळला. "अशा वेळेला तुम्ही ती उचलून घरी नेली असती, नाहीतर तोकुजीकाकांनी रिकामी करून ठेवली असती, तरी चाललं असतं. कुणी काही म्हटलं नसतं, काकू."

"हे म्हणाले असते," हात्सुए म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.